खानदेशातलं मॉस ओळखायचं कसं: पुडीपासून जगाच्या नकाशापर्यंत

दरवर्षी दिवाळीनंतर वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पवह्या तपासायला येतात आणि दरवर्षी तीच गंमत होते. वहीत विहिरीच्या कठड्यावरचं मॉस असतं, धाब्याच्या घराच्या भिंतीवरचं असतं, आंब्याच्या खोडावरचं असतं आणि तोरणमाळच्या कातळावरचंही असतं. चारही नमुन्यांखाली नाव मात्र एकच, फ्युनारिया. पुढे पुस्तकातून उतरवलेली ओळ, 'जगभर आढळते'. बहुतेक वेळा चारांतलं एकही फ्युनारिया नसतं.

हा मुलांचा आळस नाही. पुस्तकात मॉसचं एकच चित्र असतं आणि ते फ्युनारियाचं असतं, म्हणून नाव आधी ठरतं आणि नमुना नंतर बघितला जातो. निसर्गभ्रमंती करणारी मोठी माणसंही हेच करतात, फक्त वहीऐवजी मोबाईलवर. सगळी चूक क्रमाची आहे. म्हणून खाली क्रमच दिला आहे, खानदेशातल्या हवेला आणि जागांना धरून.

## टप्पा १: हंगाम आणि सामान

आपल्याकडे मॉस बघायला ऑगस्टमध्ये जाऊ नका, म्हणजे नुसतंच ऑगस्टमध्ये जाऊ नका. तेव्हा सगळं हिरवंगार असतं, फोटोही छान येतात, पण ओळखीसाठी लागणारी कॅप्सूल, म्हणजे देठाच्या टोकाची बीजाणूंची डबी, बहुतेकांवर अजून आलेली नसते. पहिल्या पावसानंतर भिंतीवर नुसता हिरवा लोकरीसारखा थर दिसतो, मग पानं येतात, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून डब्या दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा खरा हंगाम. पाटचाऱ्यांच्या कडेला आणि पाझराच्या जागी तो आणखी लांबतो. जागा हेरायला ऑगस्टमध्ये एक फेरी मारा आणि त्याच जागी ऑक्टोबरमध्ये परत जा. एका फेरीत काम उरकायला निघालेल्याच्या पुड्यांत पानंच पानं येतात.

सामान फार लागत नाही:

- दहापट किंवा वीसपट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी किंवा सोनार डोळ्याला लावतो तसलं चालतं. जळगावच्या सराफ बाजारात चौकशी केलीत तर मिळून जाईल.
- बोथट चाकू किंवा जुनं उलथणं.
- कागदी पुड्या, किमान तीस.
- शिसपेन्सिल. पेन नको. ओलं मॉस पुडीत गेलं की शाई पसरते आणि घरी आल्यावर 'लळिंग' की 'लासूर' हे देवालाही वाचता येत नाही.
- पाण्याची छोटी फवारा बाटली, टोकदार चिमटा, आणि अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाईल.

पुड्या आदल्या रात्रीच करून ठेवा. ए-फोर कागद उभा धरा, खालची कड वर आणून वरून साधारण तीन बोटं अंतर राहील अशी दुमडा. मग दोन्ही बाजू आत दोन-दोन बोटं मोडा. शेवटी वरची पट्टी खाली घेऊन झाकण करा. किराणा दुकानातली हळदीची पुडी डोळ्यांपुढे आणा, फक्त ही चौकोनी. माहिती लिहायची ती वरच्या पट्टीवर, आणि ती मॉस आत घालण्याआधी लिहायची. भरलेल्या पुडीवर पेन्सिल भोकं पाडते.

> सावधान: प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. एकदा तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना पुड्या संपल्या म्हणून मी उरलेले नमुने पॉलिथिनमध्ये कोंबले. सप्टेंबरचं ऊन, एसटीची खिडकी आणि पुढे जळगावपर्यंतचा प्रवास. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर आत तपकिरी लगदा आणि कुजलेल्या मेथीसारखा वास. मॉस कोरडं पडलं तर टिकतं, कोंडलं तर सडतं.

## टप्पा २: हे मॉसच आहे ना?

आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. अहिराणीत 'तठे शेवाय से, पाय घसरी' असं कुणी सांगितलं तर पायाखाली काय आहे ते नेमकं कळत नाही: शैवाल असेल, मॉस असेल किंवा नुसता बुळबुळीत चिखल. चालणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, वर्गीकरण करणाऱ्याला पडतो. चाकू काढण्याआधी भिंग लावा.

बोटाने चोळल्यावर बुळबुळीत लागलं आणि देठ-पान काहीच दिसलं नाही, तर ते शैवाल. उन्हाळ्यात भिंतींवर जो काळा पापुद्रा दिसतो तो बहुधा नीलहरित जीवाणूंचा. पाऊस पडला की तोही हिरवट दिसू लागतो आणि फसवतो.

राखाडी, कडक, कातळाला पापडासारखं चिकटलेलं असेल तर ते दगडफूल. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं ते याच जातकुळीचं. बुरशी आणि शैवाल यांचा तो संसार आहे, मॉसशी नातं नाही.

चपटी, फाटे फुटलेली, जमिनीला चिकटलेली हिरवी पट्टी दिसली, कडा जांभळट असल्या, तर ते यकृतका (लिव्हरवर्ट) गटातलं. प्लाजिओकाझ्मा हे त्यातलं नेहमी भेटणारं. या गटातल्या काहींना पानंही असतात, पण ती खोडावर चपट्या रांगांत बसतात आणि त्यांना मधली शीर कधीच नसते.

सातपुड्याच्या कातळांवर आणखी एक ठग भेटतो, सेलाजिनेला. वाळला की मुठीसारखा मिटतो, पाणी मिळालं की उघडतो, जत्रेत 'संजीवनी' म्हणून विकला जातो. दिसायला मॉसचा थोरला भाऊ, पण त्याला खरी मुळं आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या आहेत. उपटून बघा. मॉसच्या बुडाशी फक्त तपकिरी धागे निघतात, त्यांना मूलाभ म्हणतात.

नावांनी तर जगभर घोळ घातला आहे. रेनडिअर मॉस हे दगडफूल, आयरिश मॉस हे समुद्रातलं लाल शैवाल, आणि स्पॅनिश मॉस ही चक्क अननसाच्या कुळातली फुलं येणारी वनस्पती. नावात मॉस आहे म्हणून यांपैकी काहीही यादीत घेऊ नका.

तपासा: बारीक उभं किंवा आडवं खोड, त्याभोवती पानं, बुडाशी धागे. तिन्ही दिसलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: गोळा करणं

रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा पुरे. दोन नाण्यांएवढा म्हणजे डोक्यावरून पाणी. आपल्याकडे ओलावा चारच महिने असतो आणि खरवडलेली जागा भरायला काही पावसाळे जातात.

एका पुडीत एकाच ठिपक्यातलं मॉस. हा नियम मोडला की पुढचे सगळे टप्पे मोडतात, कारण घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या डबीचं हे कळत नाही. डबी असलेली चार-पाच रोपं आवर्जून घ्या. खरवडताना चाकू आडवा, खालच्या मातीचा पातळ थर धरून घाला. उभा घातला तर खोडं तुटून हातात नुसता भुसा येतो.

पुडीवर काय लिहायचं? गाव, तालुका, तारीख आणि अक्षांश-रेखांश सगळेच लिहितात. राहून जातं ते कशावर होतं. 'भिंतीवर' हे उत्तर नव्हे. मातीची भिंत, चुन्याने भरलेली फट, सिमेंटचा गिलावा की काळा पाषाण? चुन्यावर येणारी आणि काळ्या दगडावर येणारी मॉसं बरीच वेगवेगळी असतात. झाडावर असेल तर झाड कुठलं आणि जमिनीपासून किती उंचीवर, तेही लिहा. ऊन लागतं का? पाणी झिरपतं का? दोन ओळी होतात. त्या घरी बसून आठवत नाहीत.

खानदेशात नुसतं डोंगराकडे पळू नका. जुन्या विहिरींची आतली कड, गिरणेच्या पाटचाऱ्या, धाब्याच्या घरांची उत्तरेकडची भिंत, पारोळ्याच्या किल्ल्याचा खंदक, रावेर-यावलच्या केळीबागांतली ठिबकच्या नळ्यांजवळची कायम ओली राहणारी माती, आंब्याची जुनी झाडं, इथे घराजवळ भरपूर मिळतं. मग पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ. केळीबागेत तणनाशक कधी मारलं ते मालकाला विचारून घ्या. पिवळं पडलेलं मॉस रोगट नसतं, फवारलेलं असतं.

> सावधान: यावल अभयारण्य आणि पाटणादेवीचा गौताळा अभयारण्यात येणारा भाग इथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभरही काढायचं नाही. 'एवढंसं शेवाळ तर आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. फोटो काढा, नोंद करा, नमुना बाहेरच्या जागेवरून घ्या.

## टप्पा ४: वाळवणं

घरी आल्या आल्या पुड्या उघडून सावलीत, वाऱ्याला मांडा. पंखा मंद ठेवा, नाहीतर हलक्या पुड्या घरभर होतात. दोन-तीन दिवसांत काम होतं.

फुलझाडांच्या सवयीने लोक मॉसही वर्तमानपत्रात घालून वर वह्यांची चवड रचतात. दाबायचं नाही. दाबलं की डब्या चपट्या होतात, त्यांच्या तोंडाभोवतीचे दात मोडतात आणि सुकल्यावर पानं मुळात कशी वळत होती ही माहिती कायमची जाते. उन्हातही ठेवायचं नाही. फेव्हिकॉल लावून वहीत चिकटवायचं तर अजिबात नाही. पुडीच वहीत लावा, उघडता येईल अशी.

## टप्पा ५: बघण्याचा क्रम

नव्वद टक्के गडबड इथे होते. नमुना समोर आला की हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जातो. थांबा. आधी कोरडं, मग ओलं, मग पान सुटं करून, आणि शेवटी डबी. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण एकदा पाणी पडलं की कोरड्या पानांची ठेवण बघायची राहून जाते आणि डोळ्यांदेखत उलगडत जाण्याचा क्षणही हुकलेला असतो.

अ. कोरडं. पानं खोडाला चिकटली आहेत की पीळ घेऊन वळली आहेत? कुठल्या दिशेला? हायोफिला इन्व्होल्युटा हे आपल्याकडच्या भिंतींचं, पायऱ्यांचं, पाटचाऱ्यांच्या गिलाव्याचं अगदी नेहमीचं मॉस. सुकलं की त्याच्या पानाच्या दोन्ही कडा आत गुंडाळल्या जातात, पान विडीसारखं होतं आणि वरच्या दिशेला वळतं. एवढ्यावरून नाव पक्कं होत नाही, पण निम्मी वाट तुटते. ब्रायम अर्जेंटियमची खोडं सुकली की रुपेरी, गोल, सुतासारखी दिसतात, कारण पानाच्या वरच्या भागात हरितद्रव्यच नसतं. फ्युनारियाची पानं बुडाशी एकत्र मिटून कांद्यासारखा गड्डा होतो. आपला वाळका उन्हाळा शिव्या खातो खरा, पण सुकण्याच्या या तऱ्हा इथल्याइतक्या ठळक बारमाही ओल्या मुलखात बघायला मिळत नाहीत.

जे दिसलं ते लिहा, मग पुढे जा.

आ. ओलं. चिमट्याने एक रोप काचेवर ठेवा, एक थेंब पाणी सोडा आणि भिंगातून नजर हलवू नका. हायोफिलाची विडी उलगडते: आधी बूड फुगतं, मग पानाचा मधला भाग उघडतो, शेवटी टोक झटका दिल्यासारखं बाहेर पडतं आणि जिभेच्या आकाराचं सपाट पान समोर येतं, टोकाजवळ करवतीसारखे दाते. कितीही वर्षं हे काम केलं तरी इथे एकदा तरी 'अरे वा' निघतंच. पान उलगडायला लागलेला वेळ, आडवं होतं की मागे झुकतं, तेही टिपा. पान उघडल्यावर पान आणि खोड यांच्यातल्या कोनात नीट बघा, तिथे चांदणीच्या आकाराचे सूक्ष्म कण दिसले तर ते हायोफिलाचे प्रजननकण. डबी नसतानाही हे मॉस त्यावरून ओळखता येतं.

इ. एक पान सुटं करून. खोडाचं टोक चिमट्यात धरा आणि दुसऱ्या चिमट्याने पान खालच्या दिशेला ओढा. वर ओढलंत तर बूड खोडालाच राहतं, आणि बुडाच्या कोपऱ्यातल्या पेशी तर अनेक कुळांची ओळख असतात. स्लाइड गरम पाण्यात करा, बुडबुडे कमी येतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या चार गोष्टी: मधली शीर आहे का, असली तर टोकाच्या आत थांबते की बाहेर निघते, कड साधी की दातेरी, पेशी लांबट की चौकोनी, आणि पेशींच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या आहेत का. पॉटिएसी कुळात (हायोफिला त्यातलंच) बहुतेकांना त्या असतात, म्हणून पान काळपट, अपारदर्शक दिसतं. पान चिरून फ्युनारियाशी ताडून बघा: फ्युनारियाच्या पेशी मोठ्या, पातळ, काचेसारख्या. ज्याने हे दोन एकदा शेजारी ठेवून पाहिले तो भिंतीवरच्या मॉसला परत फ्युनारिया म्हणत नाही.

ई. डबी. देठ किती लांब, डबी उभी, तिरकी की खाली लोंबणारी? डोक्यावरची टोपी कशी आहे? ब्रायमच्या डब्या मान खाली घालतात. फिलोनोटिसची डबी गोल, मण्यासारखी. फ्युनारियाची पेरूसारखी, एका बाजूला वाकडी, तोंड तिरपं.

आता टोपी काढा, झाकण सुईने अलगद उडवा आणि तोंडाभोवतीचे दात मोजा. संख्या चार, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी पटीतच येते. तुमची तेरा आली तर तीन मोडले आहेत. दुसरी डबी घ्या. दात एका ओळीत आहेत की आत आणखी एक ओळ आहे, हे बघायला डबी उभी चिरून स्लाइडवर पसरावी लागते. सवय व्हायला दहा-बारा डब्या वाया जातात, जाऊ द्या.

तपासा: सुक्या फ्युनारियाच्या देठावर तोंडाने वाफ सोडा. देठ गरकन फिरतो, त्याच्या नावातलं 'हायग्रोमेट्रिका' हेच. फिरणारा देठ, पेरूसारखी वाकडी डबी आणि कांद्यासारखा पानांचा गड्डा, तिन्ही असल्याशिवाय फ्युनारिया लिहायचं नाही.

## टप्पा ६: वर्गीकरण वरून खाली

आधी एक पद्धत ठरवा. जुन्या पुस्तकांत ब्रायोफायटा हा एकच मोठा विभाग आणि त्यात यकृतका, शृंगका (हॉर्नवर्ट), मॉस असे तीन वर्ग. आताच्या पद्धतीत हे तीन स्वतंत्र विभाग आहेत आणि ब्रायोफायटा हे नाव फक्त मॉसला उरलं आहे. दोन्हींची खिचडी केली की 'ब्रायोफायटातलं मार्केंशिया, ब्रायोप्सिडातलं मॉस, ब्रायोफायटातलं ब्रायोप्सिडा' असं काहीतरी तयार होतं. परीक्षेसाठी जी सांगितली असेल ती, पण एकच.

आताच्या पद्धतीत मॉसच्या साधारण बारा-तेरा हजार जाती आठ वर्गांत बसवतात. पायऱ्या अशा उतरा.

१. डबी मुळात उघडते कशी? उभ्या चिरा पडून उघडते आणि टोक जोडलेलंच राहतं, तर अँड्रिएओप्सिडा, म्हणजे थंड प्रदेशातल्या आणि उंच डोंगरांवरच्या चुना नसलेल्या कातळांवरचं काळपट मॉस. नागमोडी एकच चीर, तर टकाकिया. त्याच्या जगात दोनच जाती, हिमालय-तिबेट, जपान, बोर्निओ आणि उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा एवढ्यात. अँड्रिएओब्रायम अलास्का आणि कॅनडाच्या वायव्य भागाबाहेर नाही, आणि एडिपोडियम थंड प्रदेशातलं. गोल काळी डबी, खरा देठ नाही, फिकट हिरवा पाणी पिणारा स्पंजासारखा गुच्छ, तर स्फॅग्नम. यांतलं एकही खानदेशात मिळणार नाही, थांबून बघायची गरज नाही. पाच वर्ग इथेच बाजूला झाले. सुटं स्फॅग्नम हवंच असेल तर रोपवाटिकेत ऑर्किडच्या कुंडीत बघा.

२. दात कशाचे? भिंगाखाली दात जाड, अपारदर्शक, अख्ख्या पेशींचे बनलेले दिसले तर दोनच शक्यता. चारच दात असतील तर टेट्राफिस, मुख्यतः उत्तर गोलार्धातलं. बत्तीस किंवा चौसष्ट आखूड दात आणि तोंडावर ढोलाच्या कातड्यासारखा पडदा, तर पॉलिट्रायकोप्सिडा. त्यातलं पोगोनॅटम सह्याद्रीच्या घाटात ओल्या मातीच्या कड्यांवर दिसतं, छोट्या घायपातासारखं. याच वर्गातलं डॉसोनिया ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, न्यू गिनी भागात अर्ध्या मीटरपर्यंत उभं वाढतं. आपल्या बोटभर नमुन्यांशेजारी ते झाडच म्हणायचं.

३. दात पातळ, आडव्या रेघांचे? मग ब्रायोप्सिडा. जगातल्या शंभर मॉसांतली पंचाण्णव इथेच बसतात, म्हणजे खरी चाळणी इथून पुढे. एकाच ओळीत सोळा दात: डायक्रॅनिडी हा उपवर्ग. दोन ओळी, आतले दात बाहेरच्यांच्या बरोबर समोर: फ्युनारिडी. दोन ओळी, आतले बाहेरच्यांच्या फटीत: ब्रायिडी. बाकी उपवर्ग लहान आहेत, सध्या सोडा.

४. दातच नाहीत? वर जायचं नाही, पानाकडे परत यायचं. हायोफिलाला दात नसतात, फिस्कोमिट्रियमलाही नसतात. म्हणून टप्पा पाचमधलं लिहून ठेवणं.

आता आपल्याकडचे नेहमीचे उमेदवार. पानं दोनच रांगांत, मोराच्या पिसासारखी सपाट, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी होडीसारखी घडी जिच्यात पुढचं पान बसतं: फिसिडेन्स. ओल्या मातीच्या उभ्या कडांवर, विहिरीच्या आत. याच्यात चूक होणं कठीण, कुळापर्यंत अगदी नवखाही पोहोचतो. भिंतीवरची हायोफिला, बार्ब्युला ही पॉटिएसी. रस्त्याच्या कडेला, गच्चीच्या कोपऱ्यात रुपेरी ठिपके म्हणजे ब्रायम अर्जेंटियम, कूळ ब्रायेसी. झऱ्याच्या काठी पिवळसर हिरवं, खोडावर तांबूस लव, ते फिलोनोटिस, कूळ बार्ट्रामिएसी. आंब्याच्या सालीला चिकटून आडवं पसरलेलं, बारीक, पानाला शीरच नाही, ते एर्पोडियम मँजिफेरी असायची शक्यता मोठी. नावातच आंबा आहे.

या शेवटच्यावर थोडं थांबतो, कारण एक लाडकी चूक इथे पकडता येते. उभी वाढणारी आणि आडवी पसरणारी मॉसं हे दोन 'वर्ग' आहेत असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही, ती वाढीची पद्धत आहे. आडवी पसरणारी बहुतेक मॉसं ब्रायिडीत जातात हे खरं, पण एर्पोडियम आडवं पसरूनही डायक्रॅनिडीत ठेवलं जातं. ठेवणीवरून वर्ग ठरवणं म्हणजे चालीवरून आडनाव ओळखणं.

> सावधान: जातीचं नाव लिहिण्याची घाई नको. कुळापर्यंत खात्री असेल तर कूळ लिहा, प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनस, जातीच्या वरची पायरी) असेल तर प्रजाती. 'फिसिडेन्स, जात अनिश्चित' ही नोंद उपयोगाची आहे, 'फिसिडेन्स अमुकतमुक' असा अंदाज पुढच्या दहा जणांना चुकवतो. मोबाईलमधलं ॲप फोटोवरून सुचवतं ती जात बऱ्याचदा युरोपातली असते, कारण त्याला शिकवलेले फोटो तिथले.

## टप्पा ७: जगातला प्रसार लिहिणं

नाव ठरल्याशिवाय या टप्प्याला हात लावू नका. आणि नाव ज्या पातळीवर थांबलं, प्रसारही त्याच पातळीचा लिहा. ब्रायम ही प्रजाती सगळ्या खंडांवर आहे, म्हणून तुमच्या धरणगावच्या ब्रायमची जात सगळ्या खंडांवर असेल असं नाही.

जीबीआयएफ आणि ट्रॉपिकोस या दोन संकेतस्थळांवर नोंदी आणि जुनी-नवी नावं मिळतात. आधी स्वीकृत नाव शोधा, कारण एकाच मॉसची पाच-पाच जुनी नावं असतात आणि एकेका नावाचा नकाशा अर्धवट असतो. मग ठिपके बघून खालीलपैकी कशात बसतं ते ठरवा.

सर्वत्र पसरलेली: ब्रायम अर्जेंटियम हे ठळक उदाहरण, धुळ्याच्या फुटपाथपासून अंटार्क्टिकापर्यंत. फ्युनारिया हायग्रोमेट्रिकाही त्यातच, त्याला जळालेली जमीन फार आवडते. पण 'जगभर' म्हणजे 'जिथेतिथे' नव्हे. योग्य जागा मिळाली तरच, आणि समुद्रात तर एकही मॉस नाही. उष्ण कटिबंधात सगळीकडे: ताडामाडांच्या खोडांवरचं पांढुरकं ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम. उत्तरेच्या थंड पट्ट्यातलं: स्फॅग्नमच्या बऱ्याच जाती, ज्यांच्यापासून पीटच्या दलदली तयार होतात. भारतात स्फॅग्नम हिमालयाच्या पूर्व भागात आणि दक्षिणेच्या उंच डोंगरांत आहे. तुटक प्रसार: टकाकिया, हजारो मैल अंतरावरचे सुटे ठिपके. आणि शेवटी एखाद्याच प्रदेशापुरती.

कारण विचारलं तर 'बीजाणू वाऱ्याने जातात' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. बीजाणू लांब जातात हे खरं, बहुतेक मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढे असतात. पण पोहोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. रुजायला ओलावा हवा, जागा मोकळी हवी, आणि अनेक जातींत फलनासाठी नर रोप मादीच्या इतकं जवळ हवं की शुक्रपेशी पाण्याच्या थरातून पोहत जाऊ शकतील. सुकून परत जिवंत होण्याची ताकद कुणात किती, यावर खानदेशासारख्या कोरड्या मुलखात कोण टिकणार ते बरंचसं ठरतं. सह्याद्रीच्या धुक्यात फांद्यांना लोंबणारी मॉसं आपल्याकडे नाहीत आणि भिंतीला चिकटलेली हायोफिला गावोगाव आहे, ती यामुळे.

नकाशा वाचताना दोन खड्डे आहेत. रिकामी जागा म्हणजे 'तिथे नाही' असं नव्हे, बऱ्याचदा 'तिथे कुणी वाकून बघितलं नाही' एवढंच. आणि देशाच्या किंवा जिल्ह्याच्या बरोबर मध्यावर पडलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका, नेमकी जागा माहीत नसली की काही नोंदींना असा ठिपका दिला जातो.

तपासा: स्वतःची नोंद टाकताना अक्षांश आधी, रेखांश नंतर. जळगाव म्हणजे साधारण २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. उलटं टाकलंत तर तुमच्या विहिरीवरचं मॉस नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेट आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या थंडगार समुद्रात जाऊन पडतं. ही कोटी नाही, एका वहीत असा नकाशा छापून चिकटवलेला मी बघितला आहे, आणि खाली लिहिलं होतं 'सागरी प्रसार'.

## टप्पा ८: पुडी बंद करणं

पुडीच्या पट्टीवर आता शेवटची माहिती: विभाग, वर्ग, कूळ, प्रजाती, जात (खात्री असेल तर), कुणी गोळा केलं, कुणी ओळखलं आणि कशावरून ओळखलं. हा शेवटचा रकाना कुणी भरत नाही. 'सुकल्यावर कडा आत गुंडाळलेल्या, पानाच्या कोनात चांदणीसारखे कण, डबी नाही' एवढं लिहा. उद्या कुणी तुमचं नाव खोडलं तर का खोडलं हे त्यालाही लिहावं लागेल.

जुनं नाव चुकलं असं कळलं तर रबराने पुसू नका. नवी चिठ्ठी तारखेसह आत घाला, जुनी राहू द्या. शंका असलेला नमुना दाखवायचा असेल तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. पाठवण्याआधी त्यांना कळवा आणि अर्धा नमुना स्वतःजवळ ठेवा.

पुड्या बुटाच्या खोक्यात उभ्या, पत्त्याच्या कार्डांसारख्या लावा, कोरड्या जागी. कपाटाच्या खालच्या खणात नको, जुलैत तिथे ओल येते. दर पावसाळा संपला की प्रत्येक पुडी एकदा उघडून बघायची. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर ती पुडी वेगळी काढून पंख्याखाली, आणि तिच्या डाव्या-उजव्या दोन पुड्याही तिच्याबरोबर.